दूध संकलनाचा डेटा बिगक्वेरीत, आणि तिथून नोटबुक, शीट्स व रिपोर्टपर्यंत

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुका सहकारी दूध संघात संगणक विभाग सांभाळते. सुमारे नऊ हजार उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा संकलन. प्रत्येकाची प्रत्येक वेळची एक नोंद धरली तर वर्षाला पासष्ट लाखांच्या आसपास ओळी होतात. एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते, त्यामुळे आमच्याकडे दर महिन्याची वेगळी फाईल असायची. दहा दिवसांच्या बिलांपुरतं ते चालून जायचं. खरी ओढाताण व्हायची ती दिवाळीच्या दर फरकाला (वर्षभराच्या दुधावर संघ दिवाळीला देतो ती जादा रक्कम). वर्षभरात कुणी किती लिटर घातलं ते एका जागी लागतं, आणि लेखा विभाग गणपतीपासूनच फायली जोडायला बसायचा.

२०२५ च्या एप्रिलमध्ये ठरलं की सगळा डेटा एका क्लाउड डेटा वेअरहाउसमध्ये (इंटरनेटवरून वापरायच्या मोठ्या डेटा कोठारात) न्यायचा आणि तिथूनच शीट्स, नोटबुक (कोड लिहून आकडे तपासायची ऑनलाइन वही), रिपोर्ट जोडायचे. शोधाशोध करताना प्रत्येक साधनाचे वेगवेगळे धडे भरपूर मिळाले. संस्थेत हे सगळं एकत्र कसं बसवायचं, परवानगी कुणाला कोणती द्यायची, बिल कुणाच्या नावावर घ्यायचं, हे सलग सांगणारं काही सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बिगक्वेरी हे गुगलचं डेटा वेअरहाउस निवडायची कारणं साधी होती. कर्मचाऱ्यांचे ईमेल आधीपासून गुगल वर्कस्पेसवर होते. दरमहा १० जीबी साठवण आणि १ टीबीपर्यंत डेटा वाचणाऱ्या क्वेरी (डेटाला विचारलेले प्रश्न) फुकट मिळतात. आमच्या एका ओळीला शंभर बाइट धरले तर वर्षाचा डेटा पाऊण जीबीच्याही आत बसतो, म्हणजे तीन वर्षांचा डेटा ठेवूनही मर्यादा लांबच राहते. स्नोफ्लेक हे दुसरं डेटा वेअरहाउसही पाहिलं होतं. तिथे वेअरहाउस जितका वेळ चालू राहील तितक्या वेळाचे पैसे लागतात. दिवसातून मोजकेच प्रश्न विचारणाऱ्या संस्थेला वाचलेल्या डेटावर पैसे मोजणं सोयीचं वाटलं.

२४ एप्रिलला बिगक्वेरीचा सँडबॉक्स, म्हणजे फुकट चाचणीची जागा, उघडला. त्याला कार्ड लागत नाही, संस्थेत कुणाची मंजुरी लागत नाही, चाचपणीसाठी अगदी योग्य. दोन गोष्टी मात्र आधीच माहीत हव्यात. सँडबॉक्समधली टेबलं ६० दिवसांनी आपोआप पुसली जातात, आणि आहे त्या ओळी बदलणाऱ्या किंवा पुसणाऱ्या क्वेरी तिथे चालत नाहीत. डेटासेट (टेबलांचा गट) तयार करताना लोकेशनकडेही, म्हणजे डेटा कुठल्या ठिकाणी साठवायचा त्याकडेही, नीट बघा. आम्ही मुंबई निवडलं. एकदा निवडलेलं लोकेशन बदलता येत नाही, नवा डेटासेट करून सगळं हलवावं लागतं. पुढे कधी ‘अमुक डेटासेट अमेरिकेच्या लोकेशनमध्ये सापडला नाही’ अशा अर्थाची चूक दिसली तर घाबरू नका. डेटा जागेवरच असतो, फक्त क्वेरी दुसऱ्या लोकेशनमध्ये चालवायला घेतलेली असते.

मग आलं बिलिंग. सँडबॉक्समधून बाहेर पडायचं तर बिलिंग खातं हवं, आणि सहकारी संस्थेत कुणाच्या वैयक्तिक कार्डावर खर्च टाकता येत नाही. लेखापरीक्षकाला संघाच्या नावाचं, जीएसटी क्रमांक असलेलं बिल लागतं. म्हणून अधिकृत विक्रेत्यामार्फत घ्यायचं ठरलं. बिल रुपयांत, वर १८ टक्के जीएसटी. त्यासाठी टिपणी, तीन दरपत्रकं, मे महिन्याच्या संचालक मंडळाच्या सभेत ठराव, ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल, संघाचा पॅन आणि जीएसटी प्रमाणपत्र. सभा एकदा पुढे ढकलली गेली तेव्हा साठ दिवसांची मुदत डोळ्यांसमोर दिसत होती. १२ जूनला बिलिंग खातं जोडलं गेलं. इथे एक बारीक गोष्ट आहे: बिलिंग सुरू झालं म्हणून आधीच्या टेबलांची मुदत आपोआप निघत नाही. प्रत्येक टेबलाची आणि डेटासेटची ठरलेली मुदत आपण हाताने काढायची असते. मी ती त्याच संध्याकाळी काढली.

ठरावाची वाट बघण्यात गेलेला वेळ वाया गेला नाही, कारण खरं काम डेटा स्वच्छ करण्याचंच होतं. केंद्रांवरून येणाऱ्या सीएसव्ही फायलींत उत्पादक क्रमांक ‘००४२’ असा असतो. बिगक्वेरीला कॉलमचे प्रकार स्वतः ओळखायला सांगितलं तर ती त्याचा आकडा करून टाकते आणि पुढची शून्यं जातात. मग बँकेच्या यादीशी जुळणी होत नाही. त्यामुळे स्कीमा (कॉलमची नावं आणि प्रकार) हाताने लिहायचा आणि क्रमांक असलेला प्रत्येक कॉलम मजकूर म्हणूनच घ्यायचा. तारखा आमच्याकडे दिवस/महिना/वर्ष अशा. त्याही आधी मजकूर म्हणून घेतल्या आणि नंतर क्वेरीत तारीख केली. रकमेसाठी आणि लिटरसाठी फ्लोट (अंदाजे दशांश) न वापरता न्युमेरिक (अचूक दशांश) प्रकार वापरला. फ्लोटमध्ये लाखो ओळींची बेरीज केली की शेवटच्या पैशांत फरक पडू शकतो, आणि लेखा विभागाला पाच पैशांचा फरकही फरकच असतो. माझ्या मते ते बरोबरच आहे.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला नावांनी. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उत्पादकांची नावं युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेली होती. ती फाईल दुसरीकडे उघडली की नावाच्या जागी नुसती विचित्र चिन्हं. कन्व्हर्टरने बहुतेक नावं सरळ झाली, पण जोडाक्षरं आणि रफार असलेली बरीच बिघडली. आमच्या दोन ऑपरेटरांनी तीनेक आठवडे पासबुकाच्या नोंदींशी एकेक नाव ताडून पाहिलं. ज्या बाईच्या नावावर दूध जातं तिचं नाव चुकलं तर पैसे अडकतात, म्हणून इथे घाई केली नाही. या सगळ्या प्रकल्पात संघाचा मोठा खर्च काय झाला असेल तर तो या दोघांचा ओव्हरटाईम. नव्या फायली एक्सेलमधून साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडायला सगळ्या केंद्रांना सांगितलं.

ब्राउझरमधून थेट चढवायची फाईल १०० एमबीपर्यंतच चालते. मोठ्या फायली आधी क्लाउड स्टोरेजमध्ये ठेवून तिथून घेतल्या. अशी एकगठ्ठा भरणी फुकट असते.

जूनच्या शेवटी साधनं जोडायला घेतली. मी मुद्दाम नोटबुकपासून सुरुवात केली आणि इतरांनाही तेच सांगेन. शीटवर किंवा रिपोर्टवर एकदा आकडा दिसला की लोक तो खरा मानून कामाला लागतात. नोटबुक आपल्यापुरतं असतं, तिथे आधी सगळं तपासून घेता येतं. कोलॅब या गुगलच्या नोटबुकमधून बिगक्वेरी जोडणं हे या प्रवासातलं सगळ्यात सोपं पाऊल. आपल्या खात्याने लॉग-इन करायचं, प्रोजेक्टचं नाव द्यायचं, क्वेरी चालवायची, उत्तर पांडाज या पायथन लायब्ररीच्या डेटाफ्रेममध्ये, म्हणजे तक्त्यात, येतं. न्युमेरिक कॉलम तिथे डेसिमल म्हणून येतात, त्यामुळे आलेख काढण्यापूर्वी त्यांचा फ्लोट करून घ्यावा लागतो.

सर्व्हिस अकाउंटची (माणसाऐवजी प्रोग्रॅमसाठी असलेल्या खात्याची) चावी असलेली जेसन फाईल डाऊनलोड करून ती नोटबुकमध्ये वापरा, असा सल्ला खूप ठिकाणी दिसतो. तो टाळा. ती फाईल ज्याच्या हाती पडेल त्याला सगळा डेटा उघडा होतो, आणि अशा फायली व्हॉट्सॲपवरून फिरायला वेळ लागत नाही. मे २०२४ नंतर तयार झालेल्या गुगल क्लाउड संस्थांमध्ये अशी चावी काढणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. माणसाने आपल्या खात्याने लॉग-इन करणं हेच बरं.

नोटबुकमध्ये १ ते १० जुलैचं बिल छापील बिलाशी ताडलं. दहा दिवसांचं एकूण लिटर जुळेना. लेखाधिकारी म्हणाले, “मॅडम, पहिल्या तारखेचं सकाळचं दूध कमी आलंय, आणि अकरा तारखेचं थोडं आपल्यात शिरलंय.” कारण लक्षात यायला संध्याकाळ झाली. काही केंद्रांचं नवं सॉफ्टवेअर नोंदीची वेळ टाइमझोनसह पाठवतं. बिगक्वेरी अशी वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवते, आणि आपण नुसती तारीख मागितली तर यूटीसीचीच तारीख देते. भारताची वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे १ जुलैच्या पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी घातलेलं दूध ३० जूनच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांचं ठरतं. दुकानाच्या किंवा कार्यालयाच्या डेटात पहाटे साडेपाचच्या आधी फारसं काही घडत नाही. दुधात मात्र लांबच्या वाड्या-वस्त्यांवरचं संकलन त्याच वेळी सुरू होतं. तारीख काढताना ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन लिहिला की प्रश्न मिटतो.

दुसरी तफावत फॅटची, आणि ही कुठल्याही संघात निघेल. एका केंद्रावर ३.६ फॅटचं ३०० लिटर गाईचं दूध आलं आणि ६.८ फॅटचं २० लिटर म्हशीचं. दोन आकड्यांची साधी सरासरी येते ५.२. लिटरच्या वजनाने काढलेली खरी सरासरी ३.८. पिव्होट टेबलात फॅटचा कॉलम टाकून ‘सरासरी’ निवडली की पहिला आकडा मिळतो, आणि तो बघून कुणीतरी त्या केंद्राला फोन करतं. शिवाय केंद्रावर दूध लिटरमध्ये मोजलं जातं आणि शीतकरण केंद्रावर टँकरचं वजन किलोत होतं. एका लिटरचं वजन साधारण १.०३ किलो, आणि फॅटची टक्केवारी वजनावर असते. हे रूपांतर प्रत्येकाने आपापल्या शीटमध्ये करायचं म्हटलं तर जितक्या शीट्स तितकी उत्तरं.

तेव्हा ठरवलं की नोटबुक, शीट किंवा रिपोर्ट यांतलं काहीही मूळ टेबलाला हात लावणार नाही. मूळ फायली जशा आल्या तशा एका टेबलात. त्यावर रोज सकाळी आणि रात्री ठरलेल्या वेळी चालणारी क्वेरी, जी स्वच्छ टेबल भरते: भारतीय तारीख, सत्र सकाळ की संध्याकाळ, दुधाचा प्रकार, लिटर, किलो, फॅटचे किलो, एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या घन पदार्थांचे) किलो. केंद्राने तीच फाईल पुन्हा पाठवली तर ओळी दुप्पट होऊ नयेत म्हणून मर्ज (असलेली ओळ बदलणारी, नसलेली घालणारी आज्ञा) वापरलं. ओळखीसाठी केंद्र, उत्पादक, तारीख, सत्र यांच्याबरोबर दुधाचा प्रकारही घ्यावा लागतो, कारण एकच माणूस एकाच वेळी गाईचं आणि म्हशीचं दूध घालतो. स्वच्छ टेबल तारखेवर पार्टिशन केलं (दर तारखेचा वेगळा भाग) आणि केंद्र क्रमांकावर क्लस्टर केलं (एका केंद्राच्या ओळी जवळजवळ). त्यावर एक व्ह्यू (साठवलेली क्वेरी, जी टेबलासारखी वापरता येते), आणि सगळं काही त्या व्ह्यूलाच विचारतं. फॅटची सरासरी म्हणजे फॅटच्या किलोंची बेरीज भागिले दुधाच्या किलोंची बेरीज, हे सूत्र कागदावर लिहून लेखा, संकलन आणि प्रयोगशाळा या तिघांच्या सह्या घेतल्या. या एका कागदासाठी जुलैचा बराच भाग बैठकांत गेला. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी वेळापत्रकात या बैठकांना जागा ठेवावी. जोडणी काही मिनिटांत होते, आकडा म्हणजे काय यावर एकमत व्हायला आठवडे लागतात.

परवानग्या ऑगस्टमध्ये बसवल्या. आधारची माहिती आणि बँक खाते क्रमांक वेगळ्या डेटासेटमध्ये ठेवले. तो फक्त दोघांना दिसतो. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, पण कायदा नसता तरी उत्पादकांची खाती सगळ्या कार्यालयाला दिसायचं कारण नाही. व्ह्यू वेगळ्या रिपोर्ट डेटासेटमध्ये ठेवून त्याला मूळ डेटा वाचायचा अधिकार दिला. याला ऑथराइज्ड व्ह्यू म्हणतात. त्यामुळे माणसाला फक्त व्ह्यू दिसतो, खालची टेबलं नाहीत. इथे बहुतेक लोक अडकतात ते दोन रोलवर. ‘डेटा व्ह्यूअर’ डेटा बघायला देतो, पण क्वेरी चालवायला प्रोजेक्टवर ‘जॉब यूझर’ वेगळा लागतो. एक दिला आणि दुसरा राहिला तर टेबल दिसतं आणि तरीही चूक येते. एकेका माणसाला रोल न देता लेखा, संकलन, व्यवस्थापन असे गुगल ग्रुप केले. कुणाची बदली झाली की ग्रुपमधून नाव काढलं, काम संपलं.

शीट्सची जोडणी लेखा विभागासमोर बसूनच केली. डेटा मेनू, डेटा कनेक्टर्स, बिगक्वेरी, मग प्रोजेक्ट, डेटासेट, व्ह्यू. समोर ५०० ओळी आल्या आणि खोलीत पहिला प्रश्न आला, “बाकीचं दूध कुठं गेलं?” त्या ५०० ओळी म्हणजे फक्त नमुना. पिव्होट टेबल किंवा चार्ट केला की तो सगळ्या ओळींवर बिगक्वेरीतच चालतो आणि शीटमध्ये फक्त उत्तर येतं. हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाका, नाहीतर लोक नमुन्याचीच बेरीज करतात. ओळी हातात हव्यात तेव्हा एक्स्ट्रॅक्ट (ओळींची शीटमध्ये काढलेली प्रत) काढायचा. लेखापरीक्षकाला आम्ही असाच एक्स्ट्रॅक्ट तारीख घालून देतो, कारण त्याला न बदलणारा आकडा हवा असतो. शीट ठरलेल्या वेळी आपोआप ताजी होते, पण ते वेळापत्रक लावणाऱ्या माणसाच्या परवानगीवर चालतं. तो माणूस निवृत्त झाला की शीट तिथेच थांबते. आणि ज्याला बिगक्वेरीची परवानगी नाही त्यालाही शीट शेअर केली तर आधी आलेले आकडे दिसतात. म्हणून शीट शेअर करणं हे डेटा देणंच समजायचं.

हे जुळल्यावर आमच्या सर्वांत ज्येष्ठ लिपिकांनी स्वतःच्या हाताने केंद्रनिहाय पिव्होट केलं आणि त्याच दिवशीच्या छापील बिलाशी टिकमार्क करत शेवटपर्यंत ताडलं. सगळं जुळलं. मला या कामातला तो दिवस सर्वांत जास्त आवडला.

लुकर स्टुडिओ हे गुगलचं रिपोर्टचं साधन, ज्याचं नाव २०२२ पर्यंत डेटा स्टुडिओ होतं, ते सप्टेंबरमध्ये घेतलं. अध्यक्ष आणि कार्यकारी संचालकांना मोबाईलवर दिसेल असा दोन पानांचा रिपोर्ट. इथे खर्चाचा विचार आधी करावा लागतो. प्रत्येक चार्ट स्वतःची क्वेरी पाठवतो. पानावर बारा चार्ट असतील आणि प्रत्येकाने २ जीबी वाचले तर पान एकदा उघडलं की २४ जीबी झाले, आणि पान चाळीस-बेचाळीसदा उघडलं की महिन्याची फुकटची १ टीबी संपली. प्रत्यक्षात इतकं होत नाही, कारण बिगक्वेरी मागितलेले कॉलमच वाचते आणि पार्टिशनमुळे ठरावीक तारखाच वाचल्या जातात. पण त्यासाठी रिपोर्टवर तारखेची मर्यादा हवी. आम्ही डीफॉल्ट मागचे दहा दिवस ठेवले, आणि तारखेची अट नसलेली क्वेरी टेबलाने नाकारावी असा पर्यायही चालू केला. क्वेरीला ओळींची लिमिट लावून वाचन कमी होतं असा समज आहे. साध्या टेबलावर तसं होत नाही, तेवढाच डेटा वाचला जातो. बजेट अलर्ट फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. थांबवायचं असेल तर प्रोजेक्टवर दररोजच्या क्वेरीची कोटा मर्यादा लावायची. आम्ही ती लावली आहे.

रिपोर्टमधला डेटा ठरलेल्या मुदतीने ताजा होतो आणि बिगक्वेरीसाठी ती मुदत मुळात १२ तास असते. सकाळचं संकलन दुपारी बघायचं असेल तर ती बदलावी लागते. आम्ही एक तास ठेवली. तसंच डेटा सोर्स माझ्या खात्याच्या नावावर न ठेवता सर्व्हिस अकाउंटवर ठेवला. यात चावीची फाईल लागत नाही, पण लुकर स्टुडिओच्या सर्व्हिस एजंटला त्या अकाउंटवर ‘टोकन क्रिएटर’ रोल द्यावा लागतो. हे पाऊल राहिलं तर चूक दाखवणारा संदेश फारसं काही सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

ऑक्टोबरात दर फरकाची यादी आली. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षाचं प्रत्येकाचं लिटर एका क्वेरीत निघालं. ती यादी लगेच बँकेला दिली नाही. लेखा विभागाने जुन्या पद्धतीने काढलेल्या काही केंद्रांच्या याद्या आणि नवी यादी शेजारी ठेवून तपासली, नोटबुकमध्ये शून्य लिटरचे, दोनदा आलेले आणि खातं नसलेले उत्पादक वेगळे काढले, मगच सही झाली. १७ ऑक्टोबरला वसुबारस होती. फरक त्याआधी खात्यांवर जमा झाला.

साठवण आणि क्वेरी आजही फुकटच्या मर्यादेत आहेत. ज्यांच्याकडे वर्कस्पेस नाही अशा छोट्या संस्थांनी अडून बसू नये. साध्या जीमेल खात्यावरही सँडबॉक्स, कोलॅब आणि लुकर स्टुडिओ चालतात. फक्त ते खातं कुणा एका कर्मचाऱ्याचं नसावं. संस्थेच्या नावाचं वेगळं खातं उघडा, त्याचा रिकव्हरी मोबाईल नंबर कार्यालयाचा द्या, आणि ती नोंद दप्तरात ठेवा.